शहाणा कारखाना आणि मागावरचा माणूस

नंदुरबारकडून येणारी गाडी बारडोली सोडून चलथाणला थांबते, तेव्हा डब्यातून उतरणाऱ्यांची बोली ऐकावी. त्यात गुजराती असते, तशीच अहिराणीही असते. दोंडाईचा, अमळनेर, शिंदखेडा, नवापूर या बाजूंनी तापीच्या खोऱ्यातील ही लोहमार्गाची वाट धरून आपली माणसे सुरतेकडे आली. कोणी उधन्याला उतरले, कोणी इथेच उतरले. कोणी मागावर उभे राहिले, कोणी रंगाईच्या गिरणीत शिरले. कित्येक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता खांद्यावर टाकून साखर कारखान्याच्या उसावर येतात व हंगाम संपला की परततात. आपल्या न्यासाच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या घरची चूल या तिहींपैकी एका धंद्यावर पेटली आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले.

हल्ली ‘स्मार्ट फॅक्टरी’ हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येतो. कॉलेजात जाणारी मुले तो सहज उच्चारतात. शेठ लोक प्रदर्शनाला जाऊन येतात आणि तेही तोच बोलतात. मागावरचा माणूस मात्र ऐकून गप्प बसतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘ह्यात माझे काय होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय, हे समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने तीस-बत्तीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढली आहेत, आधी कारीगर म्हणून व नंतर जॉबर म्हणून. विद्वत्तेचा दावा नाही. जे हाताखालून गेले तेच सांगत आहे.

घरच्याच एका वस्तूपासून सुरुवात करू. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत एक पोकळ फुगा तरंगत असतो. पाणी वर चढले की फुगा वर येतो व नळाचे तोंड दाबून बंद करतो. पाणी उतरले की फुगा खाली जातो व नळ सुटतो. येथे वीज नाही, संगणक नाही. तरीही ही टाकी आपल्यापुरती ‘शहाणी’ आहे. तिला पाण्याची पातळी कळते, त्यावरून काय करावयाचे ते ठरते आणि ते घडतेही. जाणणे, ठरवणे आणि करणे ही तीन कामे माणसाच्या मदतीवाचून झाली की यंत्राला स्वयंचलित म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारे फिरत्या गोळ्यांचे नियंत्रक बसवले, त्याचे तत्त्वही हेच होते.

मग नवे काय आले? नवी आली ती चौथी गोष्ट, लक्षात ठेवणे. टाकीतला फुगा काल किती वेळा वर गेला व किती वेळा खाली आला, हे कोणास सांगता येणार नाही. आजच्या यंत्रात बसवलेली जाणक उपकरणे, ज्यांस सेन्सर म्हणतात, घडणारी प्रत्येक गोष्ट आकड्यात उतरवतात. हे आकडे तारेने किंवा बिनतारी मार्गाने संगणकाकडे जातात, तेथे साठतात, आणि एका यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत २०११ मध्ये या सर्व प्रकाराला ‘इंडस्ट्री ४.०’, म्हणजे चौथी औद्योगिक क्रांती, असे नाव देण्यात आले. वाफ ही पहिली, वीज आणि सांधणीच्या साखळीवरचे उत्पादन ही दुसरी, संगणकाने चालणारी यंत्रे ही तिसरी, आणि एकमेकांशी बोलणारी यंत्रे ही चौथी, असा हा हिशेब आहे. नाव मोठे आहे. माझ्या मते त्यातील अर्धा भाग बाजारात माल खपवण्यासाठी आहे. पण उरलेला अर्धा खरा आहे आणि तो आपल्या दाराशी आला आहे.

मौज अशी की, हे सारे ज्या धंद्यातून निघाले तो आपलाच धंदा. फ्रान्समधील लिआँ शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. जेथे भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाई. भोक नसेल तेथे तो खालीच राही. एक पुठ्ठा म्हणजे कापडातील एक आडवी ओळ. अशा माळेतून फुले, वेलबुट्ट्या, माणसांचे चेहरेसुद्धा विणले जाऊ लागले. जॅकार्डचेच एक रेशमी चित्र सुमारे चोवीस हजार पुठ्ठे वापरून विणले होते, व त्याची एक प्रत इंग्लंडातील गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्याकडे ठेवली होती. बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे योजले. पुढे हर्मन हॉलेरिथने भोकांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची शिरगणती मोजली. अर्थात ‘भोक आहे’ आणि ‘भोक नाही’ या दोनच अक्षरांची भाषा आजचा संगणक बोलतो, ती प्रथम मागावर बोलली गेली. सुरतेत साडीचा काठ विणणाऱ्या ज्या कारीगराने जॅकार्डचे पुठ्ठे शिवले आहेत, त्याने आपण संगणकापासून फार दूर आहोत असे मानण्याचे कारण नाही. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठ्यांची माळ गेली. नक्षी पेनड्राइव्हमधून येते. भोकाच्या जागी आता विजेचा झटका आहे, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट जपानची. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आडवा धागा तुटला किंवा संपला की आपोआप थांबणारा माग त्याने १८९६ मध्ये बनवला, व सुधारत सुधारत १९२४ मध्ये पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. यंत्रास आपली चूक आपणच कळावी व त्याने तत्काळ थांबावे, हा त्याचा आग्रह. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले. त्याच घराण्याने पुढे मोटारी बनवल्या, त्या टोयोटा या नावाने आपल्या रस्त्यांवर धावतात. मागाने मोटारीचा कारखाना शिकवला. उलट झाले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोटारींच्या कारखान्यातून मात्र एक मोठी देणगी आपल्याकडे आली. अमेरिकेत १९५२ मध्ये भोकांच्या पट्टीवरून चालणारे धातुकामाचे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. आणि १९६८-६९ च्या सुमारास पीएलसी या नावाची नियंत्रक पेटी निघाली. पूर्वी एखाद्या यंत्राचा क्रम बदलावयाचा झाल्यास तारांची सबंध जाळी उसवून पुन्हा जोडावी लागे. पेटी आल्यावर तारा तशाच राहिल्या. बदलतो तो पेटीत लिहिलेला क्रम. पलसाणा, कडोदरा, सचिन, पांडेसरा या भागांतील रंगाईच्या गिरण्यांत रंगाचे भांडे किती अंशांपर्यंत, किती मिनिटांत तापवायचे, किती वेळ त्या उष्णतेवर ठेवायचे आणि कसे निववायचे, हे अशा पेट्या सांभाळतात. पॉलिएस्टर कापडास गडद रंग चढवण्यास सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णता व दाब लागतो. पूर्वी रंगमास्तर घड्याळ व दाबमापक पाहत उभा राहत असे. आता तो पडद्यावरची रेघ पाहतो; ती रेघ ठरल्या वाटेवरून ढळली तर त्याला ती लगेच दिसते.

आता मागाकडे येऊ. मी कामाला लागलो तेव्हा धोट्याचा माग होता. धोटा इकडून तिकडे धावे, कांडी संपली की माग थांबवून दुसरी भरावयाची. शेडमध्ये एवढा आवाज की शेजारच्याशी बोलणे खुणांनी चाले. पण त्या आवाजातही अनुभवी जॉबर पन्नास पावलांवरून सांगत असे की, ‘तिसऱ्या ओळीतला माग आजारी आहे.’ पट्टा ढिला झाला की आवाज वेगळा, पिकिंग स्टिकला चीर गेली की आवाज वेगळा. ही विद्या कोठे लिहिलेली नव्हती, ती कानात होती. तो माणूस गावी गेला की शेडची अर्धी अक्कल त्याच्याबरोबर गावी जात असे.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेथून भिवंडी, मालेगाव, सुरत असा हा पसारा वाढला. शतकभर माग मूलतः तोच राहिला. १९९९ साली केंद्र सरकारने यंत्रे सुधारण्यासाठी कर्जावरील व्याजात सवलत देणारी योजना काढली, त्यानंतर मात्र बदलाला गती आली. रेपियर, वॉटरजेट, एअरजेट असे बिनधोट्याचे माग सुरतेच्या आसपास उभे राहिले. वॉटरजेटमध्ये पाण्याची बारीक धार आडव्या धाग्याला या काठावरून त्या काठावर घेऊन जाते. मिनिटाला शेकडो वेळा. डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगाने.

जेथे डोळा पुरत नाही तेथे सेन्सर लागतो. प्रत्येक उभ्या धाग्यावर ड्रॉपर नावाची पातळ पोलादी पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते व माग थांबतो. आडव्या धाग्यासाठी निराळा सेन्सर असतो. वर दिवा लागतो, त्याच्या रंगावरून कारण कळते. येथपर्यंत टोयोडाचेच तत्त्व आहे. नवे ते पुढचे. माग थांबला ती वेळ, कशाने थांबला ते, आणि पुन्हा केव्हा सुरू झाला ते, हे तिन्ही आकडे जोडलेल्या संगणकात उतरतात. पाळी संपल्यावर शेठ आपल्या घरी बसून मोबाइलवर पाहू शकतो की, चौदा नंबरचा माग आज कितीदा व किती मिनिटे उभा होता.

आणि येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

मागावरचा पगार बहुधा मीटरवर असतो. जितके कापड उतरेल तितके पैसे. समजा, माग मिनिटाला ६०० पिक मारतो आणि कापडात इंचाला ६० पिक आहेत. म्हणजे मिनिटाला १० इंच कापड. बारा तासांच्या पाळीत ७२० मिनिटे. माग एकदाही थांबला नाही तर ७,२०० इंच, म्हणजे सुमारे १८३ मीटर. असे कधी घडत नाही. शंभरात पंच्याऐंशी भाग चालला तर सुमारे १५५ मीटर. या दोन आकड्यांतील २८ मीटर कोणामुळे गेले? कारीगर हळू होता म्हणून? सूत कच्चे होते म्हणून? वीज गेली? बीम संपल्यावर नवा वेळेवर आला नाही? की आठ मागांपैकी दोन एकदमच थांबले आणि माणसाला हात दोनच?

यंत्र इतकेच लिहिते की, ‘उभा धागा तुटला, चार मिनिटे थांबला.’ धागा का तुटला, हे ते लिहीत नाही. पुष्कळ ठिकाणी मागावर कळफलक असतो. धागा तुटण्याखेरीज अन्य कारणाने माग थांबला, तर कारीगराने कारणाचा आकडा दाबावयाचा असतो: विजेचा एक, बीमचा दुसरा, दुरुस्तीचा तिसरा. तो आकडा दाबला नाही तर ती मिनिटे ‘इतर’ या खान्यात पडतात, आणि ‘इतर’ म्हणजे कारीगराचा आळस, असा अर्थ लावण्यास कोणास वेळ लागत नाही.

एका शेडमध्ये घडलेली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तशा शेडी पुष्कळ आहेत. नव्या मागांवर नोंदीचा संगणक बसला होता. एका कारीगराच्या दोन मागांचे मीटर महिनाभर कमी पडले, म्हणून त्याचे पैसे कापले गेले. तो बिचारा म्हणाला, ‘सूत खराब आहे.’ मॅनेजर म्हणाला, ‘संगणक खोटे बोलत नाही.’ मी तेव्हा तेथे जॉबर होतो व, खरे सांगायचे तर, मीही त्या दिवशी गप्प राहिलो. कारण त्या कागदावर काय लिहिले आहे ते मलाच वाचता येत नव्हते. इंग्रजी अक्षरे आणि टक्क्यांच्या रांगा! शेवटी अकरावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने ते कागद घरी वाचले. तिने दोन मागांच्या रकान्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “काका, हे दोन्ही माग एकाच दिवशी का बिघडले?” त्या दिवशी त्या दोन्ही मागांवर एकाच सायझिंगचे बीम चढले होते. कांजी कमी बसलेली. बीम उतरल्यावर, त्याच कारीगराच्या हाताखाली, ते माग पुन्हा बाकीच्यांसारखे चालू लागले होते. हे सर्व त्याच संगणकाच्या कागदात लिहिलेले होते. संगणक खोटे बोलला नव्हताच. त्याला नीट विचारणारा कोणी नव्हता. कापलेल्या पैशांपैकी निम्मे परत मिळाले. निम्मेच का, हे अजून कळलेले नाही.

तेव्हापासून मला असे वाटते की, शहाण्या कारखान्यात आपल्या माणसाचे स्थान ठरणार ते नोंद वाचता येते की नाही यावरून. हातातील कसब लागेलच. तुटलेला धागा अजून माणसाच्याच बोटांनी गाठला जातो. पण ते कसब किती मोलाचे आहे याचा हिशेब आता दुसरीकडे लिहिला जातो, आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याच्या वतीने दुसरा कोणी वाचतो.

ही केवळ मागाची गोष्ट नाही. चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याची शिटी ऐकत आपल्यापैकी कित्येकांची मुले लहानाची मोठी झाली. साखर कारखान्यात ऊस आला की पहिली गाठ पडते ती वजनकाट्याशी. पूर्वीचा काटा तरफेचा असे. आता ट्रॅक्टर लोखंडी मंचावर उभा राहतो, आणि मंचाखाली लोड सेल नावाचे पोलादी ठोकळे असतात. भार पडला की ठोकळा केसाहूनही कमी दबतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक धातुपट्टीचा विद्युत्‌रोध त्यामुळे बदलतो आणि तो बदल टनांच्या आकड्यात दिसतो. भरलेल्या गाडीचे वजन उणे रिकाम्या गाडीचे वजन, बरोबर ऊस. शेतकऱ्याचे पैसे याच आकड्यावर, आणि डांग-नंदुरबारकडून आलेल्या कोयतेवाल्या जोडप्याची मजुरीही टनावरच. रात्री थंडीत ऊस तोडणाऱ्या बाईला लोड सेल कशाशी खातात हे माहीत असण्याचे कारण नाही. परंतु पावतीवर तीन आकडे असतात, त्यांतील दुसरा पहिल्यातून वजा केला की तिसरा येतो, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा मुदतीतला शिक्का असावा लागतो, एवढे माहीत असण्यास हरकत नाही. एवढे अंकगणित आपल्या रात्रीच्या वर्गात एका आठवड्यात शिकवता येईल.

साखर कारखान्यात आणखी एक पाहण्यासारखी जागा म्हणजे पॅन, जेथे पाकातून साखरेचे दाणे धरतात. हे काम करणारा पॅनमन म्हणजे कारखान्याचा खरा वैद्य. तो पाकाचा नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडात धरतो, बोटांत घेऊन तार काढून पाहतो. पाक जरा अधिक दाट झाला तर नको तेवढे बारीक दाणे जन्मतात, पातळ राहिला तर धरलेले दाणे विरघळतात. आपल्या घरी चिरोट्यांचा पाक करताना आजी जे करते तेच. फक्त येथे कित्येक टन पाक असतो. नव्या पॅनमध्ये बुडवलेला सेन्सर पाकाची विद्युत्‌वाहकता मोजतो, त्यावरून घट्टपणा कळतो व रसाचा नळ आपोआप उघडतो-मिटतो. पण तो सेन्सर केव्हा कोणता आकडा दाखवील तेव्हा दाणा ‘धरला’ समजायचा, हे यंत्राला शिकवताना मुळात पॅनमनलाच विचारावे लागते. त्याच्या बोटांतले ज्ञान आकड्यात उतरल्याखेरीज यंत्र शहाणे होत नाही. मला यात एक खटकते. हे ज्ञान देणाऱ्या पॅनमनचे नाव कोठेही लिहिले जात नाही; पेटी पुरवणाऱ्या कंपनीचे मात्र मोठ्या अक्षरात असते.

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. सेन्सर म्हणजे देव नव्हे. शेडमध्ये धूळ असते, सुताचा भुसा उडतो, वॉटरजेटच्या शेडमध्ये सतत ओल असते. सेन्सरवर थर बसला की तो नसलेला धागा पाहतो किंवा असलेला पाहत नाही. ज्या शेडमध्ये पुसण्याची व तपासणीची शिस्त नाही तेथे शहाणे यंत्र हे वेड्या यंत्राहून अधिक घातक, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. दुसरे असे की, सर्व यंत्रे एका जाळ्यात जोडली की एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. जून २०१७ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत घातक प्रोग्राम शिरला. तो शिरला युरोपात, पण मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात तिच्या धक्क्यावरचे काम खोळंबले. क्रेन धडधाकट, माणसे हजर, आणि कोणता डबा कोठे ठेवायचा हे सांगणारा संगणक मुका!

आणि माणसे कमी होतील काय? होतील. पुष्कळ वक्ते हा प्रश्न गोड बोलून टाळतात, तसे येथे करू नये. धोट्याचा माग भरायला जितके हात लागत तितके रेपियरला लागत नाहीत. मुंबईच्या गिरणगावात १९२८ साली जो सहा महिन्यांचा संप झाला, त्याच्या मुळाशी एका विणकराने अधिक माग सांभाळावेत ही योजना होती. प्रश्न जुना आहे. त्या वेळी माग मोजले जात, आता मिनिटे मोजली जातात. दुसरीकडे, ज्या जागा नव्याने निघतात त्या निराळ्या आहेत. सेन्सर बदलणारा, पीएलसीतील क्रम समजणारा, भरतकामाच्या बहुमुखी यंत्रासाठी संगणकावर नक्षी ‘पंच’ करणारा, डिजिटल छपाईच्या यंत्रावर रंगांचा मेळ जमवणारा, अशी माणसे सुरतेत लागतात. ती कामे मागावरच्या माणसाच्या मुलाला किंवा मुलीला आपोआप मिळणार नाहीत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स असे अभ्यासक्रम आहेत. केंद्राच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या योजनेखाली पुण्यात सी-फोर-आय-फोर नावाची प्रयोगशाळा लहान कारखान्यांना हा बदल समजावून देण्यासाठीच उभी आहे. आपल्या न्यासातर्फे वह्या वाटल्या जातात, गुणवंतांचा सत्कार होतो, ते योग्यच. त्याबरोबर एक जुनी पीएलसी पेटी, दोन-चार सेन्सर व एक लहान मोटर घेऊन सभागृहाच्या मागच्या खोलीत ठेवली, तर दहावीतल्या मुलांना हाताने काही करून पाहता येईल. निवृत्त जॉबर शिकवायला मिळतील. निदान एक तरी आहे, तो हे लिहीत आहे.

जाता जाता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. घरोघरी बायका साड्यांचे लोंबते धागे कापतात, टिकल्या चिकटवतात, लेस लावतात आणि नगावर पैसे घेतात. या कामावर एकही सेन्सर नाही. किती साड्या आल्या व किती गेल्या, याचा हिशेब देणाऱ्याच्या वहीत असतो, बाईकडे नसतो. ज्या साडीची नक्षी संगणकाने केली, विणकाम संगणकाने मोजले, तीच साडी शेवटी अशा हातात येते की ज्याची नोंद कोठेच नाही. साध्या शाळेच्या वहीत तारीख, नग व दर असे तीन रकाने आखून सुरुवात करता येते. त्यास वीजही लागत नाही.

मुलांसाठी एक उदाहरण

खालील नोंद एका पाळीची आहे असे समजा. पाळी ७२० मिनिटांची. कारीगराकडे आठ माग. सात नंबरचा माग ५९० मिनिटे चालला व ४६ वेळा थांबला. उभा धागा तुटल्याने ३१ वेळा, एकूण ८४ मिनिटे. आडव्या धाग्याने १२ वेळा, एकूण १६ मिनिटे. ‘इतर’ ३ वेळा, एकूण ३० मिनिटे. बाकीच्या सात मागांवर उभा धागा प्रत्येकी सहा ते नऊ वेळाच तुटला, आणि तेथेही तो जोडून माग सुरू करण्यास प्रत्येक वेळी सरासरी पावणेतीन मिनिटे लागली. मिनिटाला १० इंच कापड उतरते. तर सात नंबरच्या मागाचे किती मीटर गेले, आणि चूक कोणाची?

उत्तर : माग १३० मिनिटे थांबला, म्हणजे १,३०० इंच किंवा सुमारे ३३ मीटर कापड कमी उतरले. आता ८४ ला ३१ ने भागा. जवळजवळ पावणेतीन येतात. म्हणजे कारीगर या मागावरही तितक्याच चपळाईने धागा जोडत होता, जितका इतर मागांवर. धागा मात्र येथे तिप्पट-चौपट वेळा तुटला. तेव्हा हात तोच आणि तुटणे जास्त, म्हणून आधी बीम तपासावा, मग ड्रॉपर व फणी. ‘इतर’ या खान्यातील ३० मिनिटे कोठे गेली हे या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी त्या पाळीच्या माणसाला विचारावे लागेल.